हिपॅटायटिस बीच्या दुसऱ्या डोसनंतर अंगभर गांधी उठल्या, आता तिसरा घ्यावा का?

तासगाव भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या स्टाफ नर्सनी विचारलंय. वय ३१. हिपॅटायटिस बीच्या लशीचा दुसरा डोस घेतला. दुसऱ्या दिवशी दंड लाल, गरम, आत सुपारीएवढी गाठ. ड्यूटीवरच्या सहकाऱ्याने 'पिकतंय वाटतं' म्हणत अँटिबायोटिक आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सुरू केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगभर गांधी उठल्या. डेक्सा-अ‍ॅव्हिलने (स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं औषध) उतरल्या, पण पुढे पाच-सहा दिवस येत-जात राहिल्या. त्याआधी २०२१ साली कोविशिल्डच्या पहिल्या डोसनंतर दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या खाली बसल्या होत्या आणि केसपेपरवर 'लशीची रिअ‍ॅक्शन' असा शेरा पडला होता. आता इन्चार्ज सिस्टर म्हणतात, तुला लशीच चालत नाहीत, तिसरा डोस घेऊ नकोस. आणि सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ: गेल्या दिवाळीत कंबर धरली होती, तेव्हा मेडिकलमधून आणलेल्या गोळीनेही अंग खाजलं होतं.

सिस्टर, तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही शेवटची ओळ. तिच्याकडे येतेच. आधी उत्तर देऊन टाकते: तिसरा डोस घ्यायचा. कसा आणि कुठे घ्यायचा ते खाली लिहिते. पण आधी तुमच्या नावावर जे 'लशीची अ‍ॅलर्जी' म्हणून खपतंय ते उलगडू, कारण त्यात एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या गेल्यात.

मी सांगली-मिरजेत चोवीस वर्षं कातडीचे आजार बघतेय. लस घेतल्यावर काही उठलं की लोक मला मोबाइलवर फोटो पाठवतात. माझा पहिला प्रश्न 'काय उठलंय' हा नसतो, 'किती वाजता टोचलं आणि किती वाजता उठलं' हा असतो. फोटोतली गांधी गांधीसारखीच दिसते, मग ती लशीची असो, गोळीची असो नाहीतर काल खाल्लेल्या कोळंबीची. तिथं घड्याळच कामाला येतं.

आता तुमचं २०२१ चं बघू. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला, शनिवारी, कोविडचं लसीकरण सुरू झालं आणि पहिली रांग आपलीच होती. त्या दिवसांत एका लसीकरण केंद्राच्या निरीक्षण खोलीत मीही बसत होते. टोचल्यावर अर्धा तास बसायचं, असा नियम होता. रात्रपाळी करून, चहावर आलेल्या मुली, डोक्यात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दहा बातम्या, आणि समोर पहिलीला चक्कर आली की मागोमाग दुसरीला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात गार, नाडी मंद. आडवं करून पाय उशीवर ठेवले की पाच मिनिटांत 'मॅडम, मला काही झालं नाही' म्हणून उठून बसायच्या. ती अ‍ॅलर्जी नव्हे, ती घेरी.

खरी अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तातडीची अ‍ॅलर्जी, अशी नसते. तिच्यात नाडी धावते, घसा आवळल्यासारखा होतो, आवाज बसतो, छातीत सुईसुई वाजतं, उलटी होते, बीपी खाली जातं, आणि बहुतेक रुग्णांत कातडी आधी बोलते: तळवे खाजायला लागतात, कान लाल होतात, ओठ-पापण्या सुजतात, गांधी उठतात. तुमच्या त्या दहा मिनिटांत यातलं काही झालं होतं का? तुम्ही लिहिलंय, नुसती अंधारी आणि घाम, आणि 'साखरपाणी दिल्यावर बरं वाटलं'. साखरपाण्याने अ‍ॅनाफिलॅक्सिस बरी होत नाही. पुढे तुम्ही कोविशिल्डचा दुसरा डोसही घेतलात आणि काहीच झालं नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा तो शेरा खोडून घ्या. सगळ्या प्रकारच्या लशी धरल्या तरी खरी अ‍ॅनाफिलॅक्सिस दर दहा लाख डोसमागे एखाद-दुसऱ्यालाच होते. ती होणारच नाही असं मात्र समजू नका. झाली तर ट्रेमधलं अ‍ॅड्रेनालिन, १:१००० चं, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ताबडतोब. डेक्सा-अ‍ॅव्हिल नंतर. ते आधी देऊन 'बघू' म्हणत थांबणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

दुसरी गोष्ट दंडाची. डोस घेतल्यावर चोवीस तासांत दंड लाल, गरम, दुखरा होणं आणि तीन-चार दिवसांत ओसरणं हे लशीचं नेहमीचं वागणं. हिपॅटायटिस बीच्या लशीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार असतो, म्हणूनच व्हायल हलवली की ती दुधाळ दिसते. हा क्षार स्नायूत खोल गेला तर फारसं काही जाणवत नाही. कातडीखालच्या चरबीत अडकला तर तिथं सूज धरतो आणि गाठ कधी कधी कित्येक आठवडे हाताला लागत राहते. मग तो चरबीत अडकतो कसा?

याचं उत्तर मी त्या लसीकरण केंद्रात डोळ्यांनी पाहिलं. ब्लाउजची बाही. आपल्या बायकांच्या ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या थोड्या वर येणाऱ्या आणि घट्ट. पडदा नाही, पलीकडे पुरुष कर्मचारी रांगेत उभे. बाई संकोचाने बाही इंचभर वर सरकवते, ती दंडात रुतते, आणि टोचणारी घाईत जिथं कातडी दिसेल तिथं, म्हणजे दंडाच्या मध्यावर किंवा मागे, चिमटीत धरून टोचते. चिमटीत कातडी आणि चरबी येते, स्नायू खाली राहतो. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटं खाली, चिमटी न धरता, कातडी ताणून, सरळ काटकोनात, एक इंचाची सुई पूर्ण आत, हे आपण दुसऱ्यांना शिकवतो. एकमेकींना टोचताना विसरतो. त्या केंद्रात आम्ही तिसऱ्या दिवशी एक जुनी चादर दोरीवर टाकली आणि बायकांना सांगून ठेवलं की उद्या सैल बाहीचं काहीतरी घालून या. त्यानंतर सुजलेल्या दंडांचे फोटो कमी यायला लागले असं मला वाटतं. मोजदाद केली नव्हती, त्यामुळे यापुढे काही म्हणत नाही.

तुमच्या दंडाला अँटिबायोटिकची गरज नव्हती. पू होणारा संसर्ग सहसा पहिल्या दिवशी येत नाही. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, ताप येतो, लाली रोज पुढे सरकते, काखेत गाठ येते. शंका असेल तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत असेल तर बर्फ आणि पॅरासिटामॉल पुरे. रेघ ओलांडून गेली आणि ताप आला तर तपासून घ्या.

लाली आठव्या-नवव्या दिवशी नव्याने आली तरी घाबरू नका. अमेरिकेत मॉडर्नाच्या लशीनंतर असे दंड बरेच दिसले: पहिल्या दोन दिवसांचं दुखणं गेलेलं, आणि आठवड्याने त्याच जागी खाजरा, लाल, हाताला कडक लागणारा चट्टा. चार-सहा दिवसांत आपोआप जायचा. तिकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात कोविड लशीनंतरच्या त्वचेच्या त्रासाच्या ४१४ जणांच्या नोंदी जमवल्या होत्या, मॉडर्ना आणि फायझर मिळून. पहिल्या डोसला त्रास झालेल्यांपैकी ४३ टक्क्यांनाच दुसऱ्या डोसला पुन्हा काही झालं, आणि एकालाही गंभीर काही नाही. दंड सुजणं हे पुढचा डोस टाळायचं कारण होत नाही. पुढच्या वेळी दुसरा हात द्यायचा, एवढंच.

दंडाचाच एक वेगळा प्रकार इथं सांगायला हवा, कारण तो आपल्या भागात मुद्दाम ओढवून घेतला जातो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर एक वॉर्डबॉय माझ्याकडे आला. खांद्यापासून कोपरापर्यंत हात उशीसारखा फुगलेला. सकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, दुपारपर्यंत ही अवस्था. खोदून विचारलं तर वर्षभरात त्याचं हे चौथं होतं. पत्रा लागला, एक. कुत्र्याने ओरबाडलं, एक. पुराच्या पाण्यात खिळा रुतला, एक. आणि हे चौथं कॅम्पमध्ये 'फुकट आहे तर घेऊन टाकू' म्हणून. अंगात प्रतिपिंडं आधीच भरपूर असताना वर पुन्हा लस टोचली की ती दोन्ही टोचल्या जागीच एकमेकांना भिडतात आणि चार ते बारा तासांत हात असा सुजतो. ही लशीची खोट नाही, अतिरेकाची आहे. त्याला सांगितलं, आता दहा वर्षं धनुर्वाताचं नाव काढू नकोस. तो म्हणाला, 'मॅडम, खिळा रुतला तर?' म्हटलं, खिळा काढ, जखम साबणाने धू आणि हा कागद डॉक्टरला दाखव. केसपेपरवर तारीख मोठ्या अक्षरात घालून दिली.

आणि सुजलेल्या दंडावर घरी काय काय लावलं जातं! सांगली हळदीचं गाव. आंबेहळदीचा लेप निदान फार बिघडवत नाही, फक्त लाली झाकतो. चुना-गुळाच्या लेपाने कातडी भाजून आलेल्या दोघी-तिघी पाहिल्यात. पण बिब्बा सगळ्यांवर कडी करतो. आमच्या ओळखीच्या एका रुग्णालयातल्या मावशी बूस्टरनंतर पाचव्या दिवशी आल्या. दंडावर काळा डाग, भोवती पाण्याने भरलेले फोड, आणि त्यातून एक बारीक काळी रेघ कोपराकडे ओघळलेली. 'लशीनं हात जळाला' असं त्या पूर्ण वॉर्डात सांगून आल्या होत्या. दोन आशाताईंनी त्यावरून डोस पुढे ढकलला होता. ती ओघळलेली रेघ बघितली आणि विचारलं, 'मावशी, बिब्बा लावला?' 'नाही ओ.' सोबत आलेली सून खाली मान घालून हसत होती. मावशी अखेर म्हणाल्या, 'जरासा. ठणकत होता म्हणून.' लस आतून बाहेर काळी रेघ ओघळवत नाही. रेघ, कोपरा, सरळ कड असं काही कातडीवर दिसलं की बाहेरून काहीतरी लागलंय हे ओळखावं. चिकटपट्टीचा चौकोन उमटतो, तोही तसाच.

आता तिसरी गोष्ट, गांधींची. आपल्याकडे 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी चोळतात, आणि गांधी तशाही काही तासांत उतरत असल्याने श्रेय आमसुलाला जातं. तुमच्या गांधी टोचल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उठल्या. लशीची तातडीची अ‍ॅलर्जी मिनिटांत येते, फार तर काही तासांत. तिसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नाही. मग त्या दरम्यान नवं काय पोटात गेलं? डायक्लोफिनॅक आणि अँटिबायोटिक. आणि दिवाळीत कंबरेसाठी घेतलेली गोळी कोणती होती? तुम्ही नाव लिहिलं नाही. मी पैज लावायला तयार आहे की ती डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा निमेसुलाइड यांपैकीच काहीतरी असणार. या जातीच्या वेदनाशामकांनी काही जणांना गांधी उठतात, आणि एकीने उठल्या की तिच्या बहिणींनीही उठू शकतात. लस घेतली की दोन गोळ्या आपणच हातावर ठेवतो आणि पुरळ आलं की बिल लशीच्या नावावर फाडतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता प्रत्येकीला पर्स उलटी करून गोळ्यांच्या पट्ट्या दाखवायला सांगते.

म्हणून आजपासून या वेदनाशामकांपासून लांब राहा. ताप किंवा दुखण्याला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. ते बहुतेकांना सोसतं. खात्री करून घ्यायला डायक्लोफिनॅक परत खाऊन बघायचा उद्योग मात्र घरी करू नका. अँटिबायोटिकचं नावही लिहून ठेवा. त्याच्यावरचा संशय मी पूर्ण काढत नाही. लशीवरचाही काढत नाही. लशीनंतर काही दिवसांनी गांधी उठून थोडे दिवस टिकल्याच्या नोंदी आहेत. शरीराची संरक्षणयंत्रणा जागी झाली की ज्यांच्यात आधीच पित्ताची प्रवृत्ती आहे त्यांच्यात ती उफाळते. पण असं असलं तरी तो पुढचा डोस नाकारण्याइतका धोका नाही. डोस नाकारायचा तो आधीच्या डोसला किंवा त्यातल्या घटकाला खरी अ‍ॅनाफिलॅक्सिस झाली असेल तर. ही लस यीस्टमध्ये तयार होते, म्हणून यीस्टची गंभीर अ‍ॅलर्जी विचारतात. मिसळीबरोबर पाव खाता ना? मग तो प्रश्न मिटला.

गांधी पुन्हा उठल्या तर लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम किंवा फेक्सोफेनाडिन १८० रोज एक, गांधी थांबल्यावरही काही दिवस. अ‍ॅव्हिलने झोप येते. ते घेऊन रात्रपाळीत इंजेक्शनं भरायची म्हणजे अवघडच. डेक्साचं इंजेक्शन उठसूट घेऊ नका, आणि अंगाला स्टिरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध असं तिन्ही एकत्र असलेलं मेडिकलमधलं मलम तर नकोच. त्याने गजकर्णाचे असे काही चट्टे होतात की ओळखायला मलाच वेळ लागतो.

एखादी गांधी तीच आहे की नवी, हे कळत नसेल तर तिच्याभोवती पेनने गोल करा. चोवीस तासांत ती जागा साफ झाली आणि दुसरीकडे नवी उठली तर साधं पित्त. तीच गांधी दोन दिवस तिथंच बसून राहिली, खाजण्यापेक्षा दुखली, जाताना निळसर डाग सोडून गेली, सोबत ताप आणि सांधेदुखी असली तर ते वेगळं प्रकरण, दाखवायला या.

याशिवाय काही गोष्टींसाठी थांबायचं नाही. तोंडात, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागी फोड-व्रण आणि कातडी दुखून सोलायला लागणं. टोचलेल्या जागेपासून लांब, पायांवर वगैरे, लाल-जांभळे टाचणीएवढे ठिपके येणं, त्यात कोविशिल्डसारख्या लशीनंतर ४ ते ४२ दिवसांत तीव्र डोकेदुखीही असली तर लगेच प्लेटलेट बघायच्या. ओठ-जीभ सुजून श्वास अडखळणं. हे रात्री दोनला झालं तर रात्री दोनलाच निघा. नागीणही लशीनंतर काहींना उठली. ती लशीमुळे का, यावर वाद आहे. पण औषध पहिल्या ७२ तासांत सुरू करायचं यात वाद नाही. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणून कोणी मंतरून घ्यायला पाठवेल, तिकडे वेळ घालवू नका.

तुम्ही हाताच्या भेगांबद्दलही विचारलंय. त्या लशीच्या नाहीत. दिवसातून पन्नासदा सॅनिटायझर, त्यावर ओल्या हातावर ग्लोव्ह्ज, म्हणजे भेगा येणारच. हात कोरडे करून ग्लोव्ह्ज घाला, प्रत्येक धुण्यानंतर साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. खाज ग्लोव्ह्जच्या कडेशी मनगटावर थांबत असेल तर ग्लोव्ह्जच्या रबराची पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी) करून घेऊ.

आता तिसरा डोस. ठरल्या वेळेला, पहिल्या डोसपासून सहा महिन्यांनी. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेला एकच घ्यायचा. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण इन्चार्ज सिस्टरना सांगा: लस नसलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता, त्या रक्तात विषाणू किती त्यावर, ६ ते ३० टक्के. एचआयव्हीची ०.३ टक्के आहे. ज्या वॉर्डात सलाइन लावता लावता सुया टोचतात तिथं दंडाच्या गाठीला भिऊन ही लस सोडायची?

डोस जिथं अ‍ॅड्रेनालिन आणि डॉक्टर दोन्ही हजर आहेत तिथं, सकाळी, पोटात काहीतरी घालून घ्या. तुम्हाला घेरी येते, म्हणून आडवं पडून. या वेळी दुसरा हात, सैल बाही, चिमटी नाही. 'आधीच अ‍ॅव्हिल टोचून ठेवू' असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. अ‍ॅनाफिलॅक्सिस त्याने टळत नाही, सुरुवातीची खूण मात्र झाकली जाते. अर्धा तास तिथंच थांबा. वेळ लिहून ठेवा: टोचलं किती वाजता, काय उठलं, किती वाजता, मधे काय खाल्लं-घेतलं. काही उठलंच तर तुमच्या एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) कळवून एईएफआयचा, म्हणजे लसीकरणानंतरच्या त्रासाच्या नोंदीचा, फॉर्म भरायला लावा. दुसऱ्या डोसचाही अजून भरला नसेल तर आता भरा, त्यात डायक्लोफिनॅकचा उल्लेख करायला विसरू नका.

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटी-एचबीएस, म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्धची रक्तातली प्रतिपिंडं, तपासून घ्या. आकडा १० किंवा त्याच्या वर आला की रिपोर्टची झेरॉक्स सर्व्हिस फाइलला लावा. आणि कंबरेच्या त्या गोळीची पट्टी घरात कुठं पडली असेल तर तिचा फोटो मला पाठवा, नाव बघायची उत्सुकता आहे.